ऐकू न आलेलं वाक्य

ऑगस्टमधली संध्याकाळ. सदाशिव पेठेत पावसाची भुरभुर चालू आहे आणि भरत नाट्य मंदिराच्या दारात छत्र्या झटकल्या जाताहेत. मी आत पाऊल टाकते तोच बाल्कनीतून आरोळी उठते, "अरे, आव्वाज कुणाचा?" खालून दुसऱ्या कॉलेजची पोरं त्याहून वरच्या पट्टीत उत्तर देतात. माझ्या शेजारच्या खुर्चीतले आजोबा कानावर हात ठेवत नाहीत. उलट मान वळवून बाल्कनीकडे कौतुकानं बघत राहतात.

पुरुषोत्तम करंडकाची प्राथमिक फेरी आहे. महाराष्ट्रीय कलोपासकनं १९६३ साली सुरू केलेली ही स्पर्धा पुण्याच्या पावसाळ्याचा भागच होऊन बसली आहे. आज तीन एकांकिका, तिन्ही तासाच्या आतल्या. तिन्ही संहिता नव्या आणि लिहिणारे विशीच्या आसपासचे. मी येते ती या लिहिणाऱ्यांसाठी. नट दिसतो, त्याला टाळी मिळते. लेखक विंगेत कुठंतरी नखं खात उभा असतो. त्याचं वाक्य पहिल्यांदा परक्या कानांवर पडतं, तेव्हा त्या कानांतले दोन आपले असावेत, असं मला मनापासून वाटतं.

तिसरी घंटा होते. आरोळ्या एकदम थांबतात.

पहिली एकांकिका मोठ्या आवाजाची आहे. गाव, मोर्चा, खून, वार्ताहर, लाल दिवा. चौदा जणांचा समूह एका दमात वळतो, थबकतो, कोसळतो. त्यामागची महिनाभराची तालीम दिसते. पण त्या चौदांतला एकही माणूस मला ओळखीचा होत नाही. कुणाला चहा कसा लागतो, कोण कुणाला घाबरतं, काही कळत नाही. प्रत्येक प्रसंगानंतर ब्लॅकआउट, प्रत्येक ब्लॅकआउटवर ढोल. टाळ्या जोरदार पडतात. मीही वाजवते, समूहासाठी.

दुसरीत दोन मित्र आहेत, एकच मोटारसायकल आणि घरपोच जेवण पोचवण्याचं काम. मुलं लातूरकडची असावीत. वाक्याच्या शेवटी येणारं "की" आणि "बघ" कानाला इतकं खरं लागतं की प्रेक्षागृह पहिल्या पाच मिनिटांत त्यांचं होतं. एकजण दुसऱ्याला सांगतो, की कालच्या बंगल्यात दार उघडणारी बाई आपल्या आईसारखी दिसत होती, म्हणून त्यानं पैसे मोजून घेतले नाहीत. हशा येतो आणि अर्ध्यावर थबकतो. इथं लेखक आहे, मला वाटतं. मग शेवटच्या पाच मिनिटांत त्याचा धीर सुटतो. आतापर्यंत आपल्याला कळलेलं सगळं एक मित्र प्रेक्षकांकडे तोंड करून समजावून सांगतो: शहर, गरिबी, माणुसकी. मला त्या मुलाला शोधून सांगावंसं वाटतं, की बाबा, आम्हाला कळलं होतं रे. बंगल्यातल्या बाईपाशीच कळलं होतं.

मध्यंतरात चहा घेताना २०२२चा विषय निघतो. त्या वर्षी अंतिम फेरीत परीक्षकांनी करंडक कुणालाच दिला नव्हता. त्या तोडीची एकांकिका झाली नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. गावभर वाद झाला. आज तीन वेगळ्या टेबलांवर त्याचे तीन वेगळे निकाल लागताहेत. एक गृहस्थ म्हणतात, "पोरांचं काय एवढं, ही तर नाटकाआधीची पायरी." इथं मात्र मला गप्प बसवत नाही. महेश एलकुंचवारांची 'सुलतान' १९६७ साली 'सत्यकथे'त आली ती एकांकिका म्हणून, आणि तीच विजया मेहतांच्या नजरेत भरली. सतीश आळेकरांची 'झुलता पूल' १९६९ची. पुढे दोघांनी मोठी नाटकं लिहिली, म्हणून या दोन सराव ठरत नाहीत. एकांकिकेत लेखकाला चूक सावरायला दुसरा अंक मिळत नाही. तासाभरात माणूस उभा करायचा आणि त्याला योग्य ठिकाणी सोडून द्यायचं. कुठं सोडायचं, हे कळणं सगळ्यात अवघड. गृहस्थ मान हलवतात. घंटा वाजते.

तिसरीचा पडदा उघडतो आणि क्षणभर वाटतं, सेट लावायचा राहिला. काळे पडदे, एक स्टूल, एक वजनकाटा, ओळीनं मांडलेले पाच-सहा पत्र्याचे डबे आणि वरून लोंबणारा एक बल्ब. तो बंद आहे. उजव्या विंगेतून दारातून यावा तसा उजेड आडवा पडलाय.

पिठाची गिरणी आहे. वीज गेलीय. साठीची एक बाई गव्हाचा डबा घेऊन येते. गिरणीवाला चाळिशीचा, मिशीवर पीठ. तो म्हणतो, "बसा काकू, येईल एवढ्यात." ती बसत नाही. तो विचारतो, "जाड काढू का बारीक?"

तिला सांगता येत नाही.

एवढंच होतं आणि बाल्कनीतली कुजबुज थांबते. चाळीस वर्षं घरात पोळ्या लाटणाऱ्या बाईला दळण कसं सांगायचं ते माहीत नाही, कारण गिरणीत नेहमी 'हे' यायचे. ते गेले, हे संहितेत कुठंही म्हटलेलं नाही. गिरणीवाला काट्यावरची धूळ पुसतो आणि म्हणतो, "काकांचं मला ठाऊक आहे. ज्वारीवर टाकू द्यायचे नाहीत. आधी कुणाचे तरी गहू झालेले असले, तरच डबा पुढं करायचे." मग सावकाश बाहेर येतं की काका डबा ठेवून जात नसत. तासतासभर इथं स्टुलावर बसत. बोलत. घरी ज्यांच्या तोंडून दिवसाला चार शब्द निघत, ते इथं बोलत.

"काय बोलायचे?" ती विचारते.

या प्रश्नापर्यंत ती गिरणीवाल्याला "तुम्ही" म्हणत आलीय. यानंतर एकदाच, "सांग ना" म्हणते. तो "तू" कुणी अधोरेखित करत नाही. दिवा बदलत नाही, बासरी वाजत नाही. ज्याला ऐकू आला त्याला आला. शेजारचे आजोबा खुर्चीत पुढे सरकतात. त्यांना आलाय.

मला दिवाकरांच्या नाट्यछटा आठवतात. पुण्याच्याच या शाळामास्तरानं शंभर वर्षांपूर्वी एकाच माणसाला बोलतं ठेवलं आणि समोरच्याचं बोलणं आपल्यावर सोपवलं. न उच्चारलेली वाक्यं वाचणाऱ्यानं स्वतः भरायची. ही मुलगी (पत्रिकेवरून लेखक मुलगी आहे, एवढं कळतं) तेच काम दोन माणसांकडून करून घेते आहे. गिरणीवाला काकांच्या गोष्टी सांगतो: भावाशी तुटलेलं बोलणं, रेल्वेतल्या नोकरीतली एक रात्र, बायकोच्या हातच्या पोळीचं कौतुक. शेवटचं ऐकून बाई हसते. फार वाईट हसते. हे कौतुक तिच्यापर्यंत कधी पोचलेलंच नव्हतं.

ती स्टुलावर बसते. त्यांच्या स्टुलावर. डब्याचं झाकण उघडते, गव्हात हात घालते. गिरणीवाला तिच्याकडे पाठ करून उगाच पट्टा तपासतो. बराच वेळ काही होत नाही. स्पर्धेत एवढा वेळ काही न होऊ देणं ही छातीची गोष्ट आहे. घड्याळ चालू असतं आणि परीक्षक अंधारात लिहीत असतात. ती मान वर करते, त्याला काहीतरी सांगायला तोंड उघडते, आणि वीज येते. बल्ब पेटतो. गिरणी धडधडत सुरू होते. बाई बोलत राहते. ओठ हलताहेत, हात हलताहेत, एक पूर्ण वाक्य, मग दुसरं. आपल्याला फक्त गिरणी ऐकू येते. गिरणीवाल्याला ऐकू गेलं का? तो वळतो, डबा उचलतो, गहू आत ओततो. पडदा.

आरोळी लगेच उठत नाही. मग कुठूनतरी एक टाळी पडते आणि मागोमाग सगळं प्रेक्षागृह.

मी मागच्या बाजूला जाते. टेम्पो उभा आहे, पाऊस वाढलाय. डबे हातोहात बाहेर येताहेत आणि जाड चष्म्याची एक मुलगी वहीत एकेकावर खूण करते आहे. तीच लेखक. मी नाव सांगते, आवडलं म्हणते, "तुम्ही" आणि "तू"चं सांगते. ती एकदम वर बघते.

"आलं लक्षात?"

"आलं."

मग न राहवून विचारते, "शेवटी ती काय बोलते? की नुसते ओठ हलवते?"

"नाही मॅडम, वाक्य आहे ना. लिहिलेलं आहे." चष्म्यावरचं पाणी ती ओढणीनं पुसते. "सहा वेळा बदललं. कालच्या तालमीपर्यंत बदलत होते."

ते वाक्य मी विचारत नाही, तीही सांगत नाही. आतून कुणीतरी ओरडतं की एक झाकण कमी आहे. "स्टुलाखाली बघ," असं ओरडत ती वही डोक्यावर धरते आणि विंगेकडे पळते.