गाण्याच्या ऑडिशनला पोरीला पाठवताना



मागच्या बैठकीत हप्ते गोळा झाले, वही मिटली आणि चहा पिता पिता गटातल्या एक मावशी म्हणाल्या, "ताई, धाकटीला गाण्याचा लई नाद हाय. बारावी झाली की गाण्याचीच डिग्री करायची म्हणती. त्याला परीक्षा कसली असती आन् खर्च किती, तुम्हीच सांगा." लगेच दोन तट पडले. एक वहिनी म्हणाल्या, गाण्यावर पोट भरतंय काय? दुसरी म्हणाली, भजनात या पोरीनं अभंग धरला की सगळी गल्ली गप्प बसते, ते काय उगीच? वाद रंगला, पण मावशींच्या प्रश्नाचं उत्तर तसंच राहिलं. म्हणून आजचं बोलणं त्यावर.

आधी एक घोळ दूर करू. बी.ए.ला इतर विषयांबरोबर संगीत हा एक विषय घेणं वेगळं आणि संगीताचीच पदवी करणं वेगळं. पहिल्यासाठी बहुतेक कॉलेजांत मार्कांवर प्रवेश मिळतो. दुसऱ्यासाठी गाऊन दाखवावं लागतं. आपल्या कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाचा संगीत व नाट्यशास्त्र विभाग आहे. पुण्यात विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे, मुंबईत मुंबई विद्यापीठाचा संगीत विभाग आणि एसएनडीटी आहे. लांब जायची तयारी असेल तर बडोदा आहे, आणि छत्तीसगडमधलं खैरागडचं इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय तर १९५६ पासून केवळ कलांसाठीच चालतं. प्रत्येकाचं माहितीपत्रक दरवर्षी निघतं. त्यात ऑडिशनला काय तयार करून यायचं ते लिहिलेलं असतं. हे पत्रक पोरीनं एकदा आणि आईनं एकदा, असं दोघींनी वाचायचं.

आणखी एक. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा आपल्याकडं घरोघरी पोरी देतात. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद अशा त्या पायऱ्या. त्याचा फायदा नक्की होतो, दहावीलाही शास्त्रीय कलेच्या परीक्षांचे वाढीव गुण मिळतात. पण प्रमाणपत्र दाखवलं म्हणजे ऑडिशन टळत नाही. दाराशी पोचल्यावर गळाच दाखवावा लागतो.

आता ऑडिशनची गोष्ट. दोन-तीन वर्षांपूर्वी आमच्या शेजारच्या मुलीबरोबर मी एका विद्यापीठात गेले होते. तिच्या आईला कारखान्यातून सुट्टी मिळाली नव्हती. पोरीनं एक नाट्यगीत घोटून घोटून तयार केलं होतं, तानांसकट. ती आत गेली, मी बाहेर व्हरांड्यात बाकावर बसले. आतून दोन मिनिटं गाणं आलं आणि थांबलं. मग नुसता तानपुरा. मग तिचा एक लांब 'सा'. मग कुणीतरी चार स्वर गुणगुणले, तिनं ते म्हटले. परत चार, परत तिनं म्हटले. तिसऱ्या वेळी ती चुकली, त्यांनी पुन्हा म्हणून दाखवलं, तिनं सुधारलं. पोरगी बाहेर आली ती डोळे पुसतच. "काकी, गाणं मधेच तोडलं. तानेपर्यंत पोचलेच नाही मी. गेलं सगळं." येताना एसटीत कोल्हापूरपर्यंत ती बोलली नाही. यादी लागली तेव्हा तिचं नाव त्यात होतं.

नंतर तिनंच तिथल्या एका बाईंना विचारलं, की मला थांबवलं का होतं? उत्तर मिळालं ते असं: तयार करून आणलेलं गाणं सगळ्याच छान गातात, तुला पुढं शिकवता येईल का ते आम्हाला बघायचं होतं. तिसऱ्या वेळी चुकून ती जिथं सुधारली, तिथं तिचा प्रवेश झाला होता. हे आपल्याला बाहेरून कळत नाही. म्हणून पोरीला आधीच सांगून ठेवा, मधेच थांबवलं म्हणजे नापास केलं असं नाही.

मला यावरून मोगूबाई कुर्डीकरांची गोष्ट आठवते. किशोरीताई आमोणकरांच्या या मातोश्री. गोव्यातल्या कुर्डी गावच्या, जन्म १९०४ चा. नाटक कंपनीतलं काम सुटलं आणि १९१९ च्या सुमारास त्या सांगलीत राहत होत्या, जेमतेम पंधरा वर्षांच्या. त्याच दिवसांत आपल्या कोल्हापूर दरबारचे गवई अल्लादियाँ खाँसाहेब औषधोपचारासाठी सांगलीत आले होते. येता-जाता त्यांच्या कानावर या मुलीचा रियाज पडायचा. एक दिवस ते सरळ घरात आले आणि गा म्हणाले. हे म्हातारे गृहस्थ कोण, हे तिला ठाऊकच नव्हतं. ती गायली आणि खाँसाहेबांनी तिला शिकवायला सुरुवात केली. त्यांनी ऐकला होता तो रियाज, दार बंद करून रोज चालणारा. मैफल नव्हती, माईक नव्हता. विद्यापीठातली माणसं दहा-पंधरा मिनिटांत तोच रियाज शोधत असतात.

तर तयारी कशी करायची? जोखमीचा राग घेऊ नका. भूप, यमन, दुर्गा, भीमपलास असा मुरलेला एखादा राग घ्या. भूपात पाचच स्वर, मध्यम आणि निषाद नाहीत. सोपा वाटतो, पण पाच स्वरांत दहा मिनिटं काढायची म्हणजे काय ते गाणारीला विचारा. छोटा ख्याल, थोडी आलापी, चार साध्या ताना, एवढं स्वच्छ असलं तर पुष्कळ झालं. भजन किंवा नाट्यगीत जोडीला ठेवा, विचारलं तर म्हणता येतं. पण फक्त त्यावर जाऊ नका.

भजनात वाढलेल्या आपल्या पोरींचं एक बरं असतं आणि एक अवघड. बरं हे की लय पक्की असते. लहानपणापासून टाळ-पखवाजाच्या आठ मात्रांत झुलल्यावर लय अंगात बसते. फक्त तीनतालाच्या १६ मात्रा, एकतालाच्या १२, झपतालाच्या १० हातावर टाळी-खाली देऊन मोजायची सवय लावा, कारण ते हमखास विचारतात. अवघड हे की भजनात पट्टी उंच लागते, माईक नसतो, सगळ्यांवर आवाज चढवावा लागतो. वरचे स्वर खणखणीत, आणि खालच्या सप्तकात गेलं की आवाज हरवतो. ऑडिशनला खाली जायला सांगतातच. रोज पहाटे पंधरा मिनिटं खालच्या षड्जावर स्वर ठेवून बसायचं. कंटाळवाणं काम आहे, त्याला इलाज नाही.

दुसरी सवय पेटीची. पेटीवर बोट ठेवून गाणारी मुलगी पेटी काढून घेतली की डगमगते. तानपुऱ्याचं ॲप मोबाईलवर फुकट मिळतं, घरी त्यावर गाऊ दे. आपली पट्टी कोणती हे तिला ठाऊक पाहिजे. बहुतेक मुलींचा आवाज काळी चार ते काळी पाचच्या आसपास बसतो. "कोणत्या पट्टीत गाणार?" हा पहिला प्रश्न असतो आणि तिथंच पोरी "अं…" करतात. बाकी, मिरजेच्या सतार-तानपुऱ्यांना जीआय मानांकन मिळालं याचा मलाही अभिमान आहे, पण ऑडिशनसाठी म्हणून गटातून कर्ज काढून तानपुरा घ्यायची काही गरज नाही. ते पैसे प्रवासाला आणि वसतिगृहाच्या डिपॉझिटला ठेवा. आदल्या दिवशी घसा बसेपर्यंत गायचं नाही, आणि तांबडा रस्सा एक दिवस राहू दे. पित्त घशाशी आलं की मंद्रातला स्वर लागत नाही. ऐकायची सवय हवी असेल तर आपल्या शहरात १८८३ पासूनचा गायन समाज देवल क्लब आहे. मैफलीला पोरीला घेऊन जा, तुम्हीही बसा.

आता पैशाचं. इथं मी जरा थांबून बोलणार आहे, कारण गळा चांगला असून कागदांपायी घरी बसलेल्या पोरी मी पाहिल्यात.

मोगूबाईंच्या काळात तालीम घ्यायची तर गंडाबंधनाचा खर्च, उस्तादांची बिदागी, राहणं-खाणं, या सगळ्याला मागं कुणी धनिक लागायचा. खुद्द खाँसाहेबांना राजर्षी शाहू महाराजांचा आश्रय होता. १९२२ साली महाराज गेले आणि त्यानंतर खाँसाहेबांनी कोल्हापूर सोडून मुंबई गाठली. आता तो आश्रय फॉर्म भरून मागायचा असतो, आणि तो दोन वेगवेगळ्या खिडक्यांवर मिळतो. आपण एकीवर रांग लावतो आणि दुसरीची तारीख निघून जाते.

पहिली खिडकी फीची. ही राज्य सरकारची, महाडीबीटी या पोर्टलवर. इथं गाणं कुणी ऐकत नाही. उत्पन्न, जात आणि प्रवेश एवढंच बघतात. अनुसूचित जातीच्या मुलांसाठी भारत सरकारची पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्ती आहे, तिला उत्पन्नाची मर्यादा अडीच लाखांची. खुल्या गटासाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे, मर्यादा आठ लाखांची. इतर प्रवर्गांच्या योजनाही त्याच पोर्टलवर आहेत. "मुलींचं शिक्षण फुकट झालं" असं २०२४ पासून सगळीकडं ऐकू येतं. तो निर्णय व्यावसायिक अभ्यासक्रमांचा आहे आणि प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून झालेला असावा लागतो. संगीताची पदवी त्यात बसेल असं धरून चालू नका. आपला अभ्यासक्रम पोर्टलच्या यादीत कोणत्या नावानं आहे, हे प्रवेशाच्या दिवशीच कार्यालयात विचारा.

कागद लागतात ते हे: तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, अधिवासाचा दाखला, लागू असेल तर जातीचा दाखला, जात वैधता आणि नॉन-क्रिमीलेअर, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला. आणि मुलीच्या स्वतःच्या नावाचं, आधारला जोडलेलं बँक खातं. आईच्या खात्यावर पैसे येत नाहीत. आमच्या गटातल्या एका ताईंच्या मुलीला निवड झाल्यावर उत्पन्नाचा दाखला काढायला सेवा केंद्रात धावावं लागलं. सगळ्या तालुक्याची पोरं त्याच आठवड्यात रांगेत होती. दाखला आला तेव्हा मुदत संपली होती, आणि त्या वर्षीची फी ताईंनी कानातलं गहाण ठेवून भरली. आम्हा सगळ्यांच्या मनाला ते लागलं, कारण दाखल्याचं आम्हाला माहीत होतं, आम्ही कुणी वेळेत बोललो नाही. म्हणून बारावीचं वर्ष संपत आलं की दाखले काढायला घ्या, निकालाची वाट बघू नका.

दुसरी खिडकी गुणांची, म्हणजे गळ्याच्या गुणांची. दिल्लीच्या सांस्कृतिक स्रोत आणि प्रशिक्षण केंद्राची, म्हणजे सीसीआरटीची, एक शिष्यवृत्ती १० ते १४ वर्षांच्या मुलांसाठी आहे. रक्कम लहान आहे. पण एकदा मिळाली की दर दोन वर्षांनी नूतनीकरण होत पहिल्या पदवीपर्यंत किंवा वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत चालू राहू शकते. बघा, म्हणजे कॉलेजात उपयोगी पडणारा हा पैसा सहावी-सातवीत असताना मागायचा आहे! आपण बारावीला जागे होतो. ज्यांच्या घरी आता दहा-बारा वर्षांची गाणारी पोर आहे, त्यांनी हे आज वहीत लिहून ठेवा.

मोठ्या मुलींसाठी केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची तरुण कलाकारांची शिष्यवृत्ती आहे, वय १८ ते २५, महिना ५,००० रुपये, दोन वर्षं. तिला गुरूंकडं किमान पाच वर्षं शिकल्याचं दाखवावं लागतं. गुरूंचं पत्र, परीक्षांची प्रमाणपत्रं, कार्यक्रमांच्या पत्रिका, सगळं एका फाईलमध्ये जपून ठेवा. गावच्या गणेशोत्सवातल्या कार्यक्रमाची पत्रिकासुद्धा टाकू नका. राज्य सरकारचीही भारतरत्न पंडित भीमसेन जोशी यांच्या नावानं शास्त्रीय संगीतासाठी युवा शिष्यवृत्ती आहे, तीही साधारण याच वयासाठी. या दोन्हींना पुन्हा गाऊन दाखवावं लागतं, आणि तिथं गायकी खोल लागते. पहिल्या वर्षी मिळाली नाही तर पुढच्या वर्षी परत अर्ज करता येतो, वय असेपर्यंत.

शिवाय शिवाजी विद्यापीठात कमवा आणि शिका योजना आहे. काम करून शिकणं आपल्या भागाला नवं नाही.

पोट भरतंय काय, या वहिनींच्या प्रश्नालाही थोडं उत्तर देते. मैफली करून जगणाऱ्या थोड्याच. पण शाळेत संगीत शिक्षिका, स्वतःचे वर्ग, आकाशवाणीची श्रेणी (बी, बी-हाय, ए, टॉप अशी ती असते आणि तिलाही ऑडिशन असतेच), एम.ए. नंतर संगीत विषयात नेट देऊन कॉलेजात प्राध्यापकी, असे रस्ते आहेत. फार पैशाचे नाहीत. सुरुवातीची चार-पाच वर्षं ओढाताण होते, हे पोरीला आणि तिच्या वडिलांना आधीच सांगा. लपवून पाठवलं की दुसऱ्या वर्षी घरून फोन सुरू होतात, परत ये म्हणून.

मावशींच्या धाकटीला मी परवा घरी बोलावलं. तानपुरा लावून दिला, पट्टी शोधली, काळी चार निघाली. खालचा षड्ज अजून हलतोय. उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज सोमवारी मावशींबरोबर जाऊन टाकते आहे. तुमच्यापैकी कुणाच्या मुलीचा टाकायचा असेल तर तलाठ्याचा दाखला, रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन साडेदहाला सेवा केंद्रापाशी या, एकाच फेरीत होईल.