ठरलेला सौदा तिसऱ्याने फोडला तर?

लग्नसराई किंवा ईद तोंडावर आली की कापडाच्या धंद्यात एक तक्रार हमखास ऐकू येते. समजा, भूमच्या दुकानदाराने सोलापूरच्या कारखानदाराकडे चादरींची ऑर्डर दिली. भाव ठरला, बयाणा दिला. माल तयार झाला आणि तेवढ्यात तिसऱ्याच व्यापाऱ्याने नगामागे चार रुपये जास्त देऊन तो उचलला. कारखानदार बयाणा परत करून मोकळा झाला. दुकानदाराचे गिऱ्हाईक मात्र गेले ते गेलेच. अशा वेळी सौदा फोडणाऱ्या त्या तिसऱ्यावर दावा करता येतो का? येतो. पण तो सिद्ध करणे सोपे नाही.

दावे दोन, मुदती दोन

येथे दोन वेगळे दावे आहेत, हे प्रथम ध्यानात घ्यावे. पहिला दावा करार मोडणाऱ्या कारखानदारावर. भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम ७३ नुसार करारभंगामुळे सरळ झालेल्या नुकसानीची भरपाई मागता येते. म्हणजे तोच माल बाजारातून महाग घ्यावा लागला तर भावातील फरक मागता येतो. नुसता बयाणा परत केला म्हणून कारखानदाराची सुटका होत नाही. या दाव्याची मुदत करार मोडल्यापासून तीन वर्षे आहे.

दुसरा दावा, करार मोडायला लावणाऱ्या तिसऱ्या माणसावर. हा दिवाणी अपकृत्याचा दावा आहे. मुदत कायदा १९६३ मध्ये याची मुदत करारभंगाच्या तारखेपासून फक्त एक वर्ष ठेवली आहे. "बघू, बसून मिटवू" म्हणत वर्ष निघून गेले की हा दरवाजा बंद होतो.

हा कायदा आला कोठून?

१८५२ साली लंडनच्या एका थिएटरचे चालक लम्ली यांनी योहाना वाग्नर या गायिकेशी करार केला, की ती हंगामात फक्त त्यांच्याकडेच गाईल. गाय नावाच्या दुसऱ्या थिएटर चालकाने जास्त पैसे देऊन तिला आपल्याकडे ओढले. लम्लींनी गायवर दावा लावला. १८५३ मध्ये न्यायालयाने बहुमताने ठरविले, की जाणूनबुजून दुसऱ्याचा करार मोडायला लावणाऱ्यावर दावा चालतो. तत्त्व लम्ली जिंकले, पण पैसा त्यांच्या हाती आला नाही. पुढे ज्यूरीसमोर गाय सुटला, कारण तो करार बंधनकारक नाही असे त्याला प्रामाणिकपणे वाटत होते.

दाव्याची खरी किल्ली येथेच आहे. चार गोष्टी सिद्ध कराव्या लागतात. कायदेशीर करार झालेला होता. तिसऱ्याला तो माहीत होता. माहीत असूनही त्याने तो मोडायला प्रवृत्त केले. आणि त्यामुळे आपले नुकसान झाले. नुसता जास्त भाव सांगणे हा गुन्हा नाही. ज्याला आधीचा सौदा ठाऊकच नव्हता, त्याच्यावर दावा टिकत नाही.

माणूस ओढला तर?

कारागीर, कटिंग मास्तर किंवा मुनीम दुसऱ्याने नेला तर काय? येथे करार कायद्याचे कलम २७ आडवे येते. धंदा करण्यास मनाई करणारा करार तेवढ्यापुरता रद्द ठरतो. १९९९ मध्ये पेप्सीने कोका-कोलाविरुद्ध अशीच तक्रार नेली, तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाने मनाई हुकूम दिला नाही. चांगली नोकरी शोधण्याचा हक्क कामगाराला आहे.

मात्र कराराची मुदत चालू असताना गोष्ट बदलते. कल्याणच्या सेंच्युरी कंपनीने टायरसाठी लागणाऱ्या धाग्याच्या विभागात १९६३ मध्ये पाच वर्षांच्या करारावर एक सुपरवायझर घेतला. १९६४ मध्ये तो जास्त पगारावर कोट्याच्या कंपनीत गेला. १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कराराची उरलेली मुदत संपेपर्यंत त्याला ते काम दुसरीकडे करण्यास घातलेली मनाई कायम केली. पण त्याला परत सेंच्युरीत कामाला जुंपले नाही. न्यायालय कोणाला जबरदस्तीने कामाला लावत नाही. आपल्या भागातील ऊसतोड मुकादमांच्या उचलीबाबतही हे लक्षात ठेवावे. हिशेबाचे पैसे दाव्याने मागता येतात. मजूर अडवून ठेवणे हा वेठबिगारी निर्मूलन कायदा १९७६ खाली गुन्हा ठरू शकतो.

काय करावे?

ऑर्डर चिठ्ठीवर लिहून घ्यावी: माल, नग, भाव, तारीख, बयाणा आणि दोघांच्या सह्या. बयाणा बँकेतून द्यावा. आपल्या मालावर कोणी डोळा ठेवल्याचे कळताच त्याला स्पीड पोस्टाने नोटीस द्यावी, की हा माल माझ्या कराराचा आहे. त्यानंतर "मला माहीत नव्हते" ही सबब त्याला उरत नाही. त्याच दिवसापासून नुकसानीच्या पावत्या जपून ठेवाव्यात आणि वर्ष उलटण्याआधी वकील गाठावा.

राहिली गोष्ट दयानतीची. भावाच्या सौद्यावर सौदा करू नये, अशी ताकीद हदीसमध्ये आहे. कोर्टात माहिती असल्याचा पुरावा लागतो. आपल्याला काय माहीत होते, हे आपले आपल्याला पक्के ठाऊक असते. म्हणून दुसऱ्याच्या बयाण्याचा माल स्वस्त मिळो वा महाग, आधी विचारावे: "हा माल मोकळा आहे ना?"