चित्र मुलीचे, श्रेणी आईची!

मी एका प्राथमिक शाळेत अर्धवेळ शिकवते. परवा तिसरीच्या चित्रकलेच्या वह्या घरी आणल्या होत्या. जेवणे उरकली, ओटा आवरला आणि वह्यांचा गठ्ठा घेऊन बसले. विषय होता 'आमचा बाजार'. चार वाजता मुलगा शाळेतून येणार, त्याच्या आत काम संपवायचे! झरझर श्रेण्या देत सुटले.

एका चित्रात बाईचे हात भलतेच लांब, घराच्या भिंतीतून आतले सगळे दिसते आहे, रंग रेघांबाहेर गेलेले. दिला 'क-१'. पुढचे चित्र मात्र कसे सुबक! त्याला 'अ-१'.

दुसऱ्या दिवशी 'क-१'वाली टेबलाजवळ येऊन उभी राहिली. "बाई, ही माझी आई. ती भाजी विकते. गाडीच्या पलीकडच्या लोकांना द्यायला हात लांब लागतात ना! आणि घरात बाळ झोपलंय. आईला तिथून दिसायला हवं, म्हणून भिंत काढलीच नाही."

मी गप्पच झाले. मग 'अ-१'वालीला जवळ बोलावून विचारले, "तू कसं गं काढलंस?" ती निरागसपणे म्हणाली, "मी नाही बाई, मम्मीने काढून दिलं."

म्हणजे मी एका मुलीच्या आईला 'अ-१' दिला होता, आणि स्वतःच्या डोक्याने चित्र काढणाऱ्या मुलीला 'क-१'!

त्या आईला तरी काय बोलणार? माझ्या मुलाचा हत्ती गेल्या वर्षी मीच काढून दिला होता. "सोंड अशी नसते रे," म्हणत खोडरबर हातात घेतला तो मीच. आता तो कागद पुढे सरकवतो आणि म्हणतो, "तूच काढ, मला येत नाही."

बी.ए.ला असताना हे कोणी शिकवले नव्हते. म्हणून पुस्तके शोधली. व्हिक्टर लोवेनफेल्ड या कलाशिक्षकाने १९४७ साली बालचित्रांवर मोठा ग्रंथ लिहिला. सात ते नऊ वर्षांची मुले डोळ्यांना दिसते तेवढेच काढत नाहीत, त्यांना जे ठाऊक असते आणि महत्त्वाचे वाटते ते काढतात, असे त्यात सांगितले आहे. म्हणून महत्त्वाचा अवयव मोठा होतो आणि भिंतीआडचे घर दिसते. या वयात ती चूक नव्हेच.

आपल्या राज्यात २०१० साली सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले, तेव्हा कला विषयाला लेखी परीक्षा न ठेवता वर्षभराच्या कामावरून श्रेणी आणि वर्णनात्मक नोंद करायची असे ठरले. हेतू हाच, की मूल काम करताना पाहावे, नुसते तयार चित्र पाहू नये. पण नोंदीच्या रकान्यात आम्ही 'चित्रे सुबक काढते' एवढेच लिहून मोकळ्या होतो!

मग पाहायचे काय? स्वतःची कल्पना आहे का? मागच्यापेक्षा तपशील वाढले का? रंग स्वतः निवडले का? गाण्यातही तेच. गळा गोड असणे ही देणगी झाली. ताल धरतो का, दुसऱ्याचे ऐकून सूर मिळवतो का, हे पाहावे.

मैत्रिणींनो, घरी एवढे कराच :

मुलाच्या चित्राला आपला हात लावू नका. शाळेत वेडेवाकडे गेले तरी चालेल.

"हे काय काढलंस?" असे न विचारता "यातली गोष्ट सांग ना," म्हणा.

चित्रामागे तारीख घाला आणि साडीच्या रिकाम्या खोक्यात जपून ठेवा. जूनचे, दिवाळीचे आणि मार्चचे चित्र शेजारी ठेवून पाहा. शेजारच्या मुलाशी तुलना नको.

पालकसभेत श्रेणीबरोबर "बाई, वर्षभरात काय वाढलं?" हेही विचारा. आम्हालाही मग नीट पाहावे लागेल!

त्या मुलीच्या वहीतला 'क-१' मी खोडला आणि खाली लिहिले, 'घरातले आणि बाजारातले एकाच चित्रात आणले. स्वतःचा विचार आहे.' तिने ते दोनदा वाचले.

माझ्या मुलाने अजून काही काढलेले नाही. कागद आणि खडू रोज ओट्याजवळच्या पाटावर ठेवते. काल त्याने नुसत्या चार रेघा ओढल्या. काय आहे ते मी विचारले नाही. मागे तारीख मात्र घातली.