पेन्शनच्या कागदावर तुमचं नाव काय लिहिलंय?

  आजचा विषय फौजीच्या घरातल्या बायकांचा आहे. आपल्या मुळशी-मावळात एकही गट असा नसेल, ज्यात कुणाचा नवरा, दीर, सासरा किंवा मुलगा फौजेत नव्हता. म्हणून हे सगळ्यांनीच ऐका.

माजी सैनिकाच्या माघारी त्याच्या पत्नीला कुटुंब निवृत्तिवेतन, म्हणजे फॅमिली पेन्शन मिळते. ती कुणाला द्यायची हे सरकार फौजेच्या कागदावरच्या नावावरून ठरवतं. त्या कागदावरचं नाव आणि तुमच्या आधारवरचं नाव जुळलं नाही, तर तीस-चाळीस वर्षं संसार केलेल्या बाईला 'मीच त्यांची बायको' हे सिद्ध करत फिरावं लागतं. तेही दुःखाच्या दिवसांत, आणि घरात पैसा येणं थांबलेलं असताना.

चूक होते कशी?

आपल्याकडे लग्नात नाव बदलायची पद्धत. माहेरची सुनंदा सासरी शांता होते. शाळेच्या दाखल्यावर सुनंदा, रेशनकार्डावर शांताबाई आणि फौजेच्या कागदावर नुसतंच शांता. शिवाय आपण आपलं नाव, नवऱ्याचं नाव, मग आडनाव असं लिहितो. फौजेत देशभरातली माणसं. तिथला कारकून परराज्यातला असला की त्याने ऐकलं तसं इंग्रजीत लिहिलं. एकट्या जाधव आडनावाची इंग्रजीत तीन-चार रूपं होतात. दुसऱ्या महायुद्धात 1945 साली इटलीत पराक्रम गाजवून व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे मराठा पलटणीचे नामदेव जाधव, त्यांचंही आडनाव इंग्रजीत काही ठिकाणी 'जादव' असं सापडतं. मग आपली काय कथा!

दुसरी चूक जन्मतारखेची. लग्नाच्या वेळी दाखला हाताशी नसायचा, अंदाजाने वय सांगितलेलं असायचं. तिसरी चूक म्हणजे मुलांची नोंदच नसणं. गावी बाळ झालं, पण पलटणीत कळवलं नाही, किंवा कळवलं आणि पार्ट टू ऑर्डर निघालीच नाही. पार्ट टू ऑर्डर म्हणजे सैनिकाचं लग्न, मुलांचा जन्म, घरातला मृत्यू यांची फौजेतली अधिकृत नोंद. ती निघाली तरच ती गोष्ट घडली असं फौज मानते.

एवढ्याशा चुकीने काय बिघडतं?

हिशेबच करू. कुटुंब निवृत्तिवेतन साधारणपणे शेवटच्या पगाराच्या 30 टक्के असतं आणि मूळ रक्कम कमीत कमी 9,000 रुपये. पेन्शन घेणारी बाई 80 वर्षांची झाली की त्यात 20 टक्के वाढ होते, 85 ला ती 30 टक्के होते, 90 ला 40 टक्के. आता कागदावर तुमचं वय पाच वर्षांनी कमी लागलं असेल, तर 80 ची वाढ पाच वर्षं उशिरा मिळणार. 9,000 चे 20 टक्के म्हणजे महिन्याला 1,800. पाच वर्षांचे 60 महिने. एक लाख आठ हजार रुपये गेले, वर महागाईची रक्कम वेगळीच.

मुलांचं नाव नसेल तर ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या दवाखान्याचं कार्ड अडतं. अपंग मुलाला किंवा विधवा, घटस्फोटित लेकीला नियमात बसत असेल तर आईवडिलांच्या माघारी पेन्शन मिळू शकते. पण नाव नोंदीतच नसेल तर तिचा हक्क मागणार कशाच्या आधारावर?

आधी काय तपासायचं?

घरातली पत्र्याची पेटी उघडा. डिस्चार्ज बुक आणि पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश, हे दोन कागद काढा. शेजारी तुमचं आधार, पॅन, बँकेचं पासबुक, शाळेचा दाखला आणि लग्नाचा दाखला ठेवा. नाव, जन्मतारीख, मुलांची नावं एकेक अक्षर जुळवून बघा. वाचता येत नसेल तर गटातल्या शिकलेल्या मुलीला शेजारी बसवा. आता पेन्शन 'स्पर्श' या ऑनलाइन पद्धतीतून येते. तिथल्या खात्यात काय लिहिलंय तेही बघा. जुन्या कागदावर बरोबर आणि 'स्पर्श'वर चूक असंही होतं.

लग्नाचा दाखला नसेल तर गावात ग्रामपंचायतीत आणि शहरात महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात विवाह नोंदणी होते. ताथवडे 2009 मध्ये महापालिकेत आलं. त्याआधीची गावातली जन्ममृत्यूची नोंद शोधायची तर ग्रामपंचायतीचं जुनं दप्तर आता कुठे आहे, हे आधी विचारून घ्या.

दुरुस्ती कुठे आणि कशी?

पहिलं पाऊल म्हणजे चूक कोणत्या कागदात आहे ते ठरवणं. फौजेची नोंद बरोबर आणि आधार चुकीचं असेल तर आधार दुरुस्त करा. पण घाई नको. आधारवर जन्मतारीख एकदाच आणि नाव दोनदाच बदलता येतं. पुरावा हातात आल्याशिवाय बदल करू नका.

चूक फौजेच्या नोंदीत असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. तिथले कल्याण संघटक अर्जाचा नमुना देतात, कागद तपासतात, कुठे पाठवायचं ते सांगतात. अर्ज जातो त्या त्या पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसला. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, बॉम्बे सॅपर्सचं आपल्या खडकीत, तोफखान्याचं नाशिकरोडला, रणगाड्यांच्या दलाचं अहिल्यानगरला. नौदलातल्या खलाशांच्या नोंदी मुंबईत मानखुर्दला आणि वायुदलाच्या दिल्लीला असतात.

अर्जात सैनिकाचा सर्व्हिस नंबर, हुद्दा, नाव, पीपीओ नंबर आणि 'काय लिहिलंय, काय हवंय' हे दोन ओळीत स्पष्ट लिहा. सोबत पुराव्याच्या साक्षांकित प्रती, नवराबायकोचा एकत्र फोटो आणि 'या दोन्ही नावांची व्यक्ती मी एकच आहे' असं प्रतिज्ञापत्र लागतं. नाव पूर्णच वेगळं असेल तर राजपत्रात नावबदल छापून आणायला सांगतात. मूळ कागद कुणालाही देऊ नका, प्रतीच द्या. अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपून ठेवा.

रेकॉर्ड ऑफिसने नोंद बदलली की काम संपलं असं समजू नका. दुरुस्तीचा पीपीओ निघायला हवा आणि 'स्पर्श'वरही बदल दिसायला हवा. ते डोळ्यांनी बघेपर्यंत पाठपुरावा सोडायचा नाही.

एक गोष्ट खरी सांगते. सैनिकाची स्वतःची, भरतीच्या वेळी लिहिलेली जन्मतारीख निवृत्तीनंतर बदलून मिळत नाही. बदलून देतो म्हणून कुणी पैसे मागितले तर देऊ नका. 'हयातीचा दाखला भरायचाय, ओटीपी सांगा' असा फोन आला तर लगेच ठेवून द्या.

उत्तरच आलं नाही तर?

माहितीच्या अधिकारात 10 रुपये भरून 'माझ्या अर्जावर काय झालं' हे विचारता येतं. 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. वादच पडला तर सशस्त्र सेना न्यायाधिकरणाचं मुंबईत खंडपीठ आहे. वकिलाला पैसे नाहीत म्हणून मागे फिरू नका. 1987 च्या कायद्याने बाईमाणसाला मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हे काम नवरा हयात असतानाच करा. त्यांच्या एका सहीने जे होतं, त्यासाठी माघारी दहा कागद लागतात. आपल्याकडे हा विषय काढायला बायका कचरतात. 'अभद्र बोलू नको' म्हणतात. यात अभद्र काही नाही. ज्यांनी देशाची राखण केली, त्यांनाही आपल्या माघारी घर राखलेलंच हवं असतं. दोघांनी बसून एका रविवारी पेटी उघडा.

आणि गटांना माझी विनंती. पुढच्या मासिक बैठकीत हप्ते जमा झाले की अर्धा तास याला द्या. फौजीच्या घरातल्या प्रत्येकीने पीपीओ आणि आधारची झेरॉक्स आणावी, दोघीदोघींनी मिळून नावं जुळवावीत. जिच्या कागदात फरक सापडेल, तिच्यासोबत सैनिक कार्यालयात एक जण जाईल हे त्याच बैठकीत ठरवा. एकटी बाई खिडकीपाशी गांगरते, दोघी असल्या की नीट विचारून येतात.