खाऱ्या पाण्यातील मासे : औषध ओतण्याआधी रोग ओळखा

भूगावपासून समुद्र दूर. ताम्हिणीचा घाट उतरून कोकणात गेल्याशिवाय खारे पाणी दिसत नाही. मुंबईला मरीन ड्राइव्हवर १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले, तेव्हा समुद्र त्याच्या दारातच होता. इकडे पौड रस्त्याच्या बंगल्यांत मात्र खास सागरी मीठ, लिटरला सुमारे ३५ ग्रॅम, विरघळवून समुद्र तयार करावा लागतो. या टाक्या पुसणारे, पाणी बदलणारे हात बहुधा आपल्याच घरांतल्या पोरांचे असतात. म्हणून हा विषय.

आमचा भाचा हेच काम करतो. एका बंगल्यात मालकांनी नवा मासा आणून थेट मोठ्या टाकीत सोडला. आठवड्याने माशांवर पांढरे ठिपके दिसले. भाच्याने दुकानदाराने दिलेले निळे औषध टाकीत ओतले. सकाळी झिंगे आणि शंख मेलेले, प्रवाळ आक्रसलेले. महिन्याचा पगार कापला गेला. "मामा, मी तर बरं करायला गेलो होतो," म्हणून पोर रडले. त्यानंतर आम्ही दोघांनी हा विषय नीट समजून घेतला.

त्या औषधात तांबे होते. शेतकऱ्याच्या घरचे मोरचूद म्हणजे तांब्याचाच क्षार. तांबे माशांवरचे परजीवी मारते, पण झिंगे, खेकडे, शंख आणि प्रवाळ यांनाही मारते. शिवाय टाकीतले खडक आणि वाळू ते शोषून घेतात. म्हणून तांब्याचे औषध मोठ्या टाकीत कधीच टाकू नये. ते वेगळ्या, रिकाम्या टाकीत, बाटलीवरच्या मापाने आणि तांबे मोजण्याच्या किटने रोज तपासूनच वापरावे.

पांढरे ठिपके : अंगावर मिठाचे कण शिंपडल्यासारखे दिसतात, मासा खडकाला अंग घासतो. हा क्रिप्टोकॅरिऑन नावाचा परजीवी. तो कातडीत ३ ते ७ दिवस राहतो, मग गळून तळाशी गाठ धरतो. गाठीतून अनेक पिल्ले निघतात आणि त्यांना एक-दोन दिवसांत मासा गाठावाच लागतो. औषध लागू पडते ते या मोकळ्या पोहणाऱ्या पिल्लांवरच. ठिपके गेले म्हणजे रोग गेला, असे समजून औषध थांबवले की तो दुप्पट जोराने परततो. सर्व मासे वेगळ्या टाकीत हलवून सुमारे महिनाभर उपचार करावेत. मोठी टाकी तोवर माशांविना ठेवावी. काही गाठी फुटायला दोन महिन्यांहून अधिक लागतात, म्हणून जाणकार ११ आठवडे थांबायला सांगतात.

मखमल रोग : अंगावर बारीक, सोनेरी धूळ दिसते. पुष्कळदा धूळ दिसण्याआधीच मासा धापा टाकतो, पंपाच्या प्रवाहात तोंड करून उभा राहतो आणि दोन-तीन दिवसांत मरतो. इथे उद्यावर ढकलू नये. मासे त्याच दिवशी वेगळे करून तांब्याचा उपचार सुरू करावा.

चपटे कृमी : डोळे धुरकट होतात, मासा अंग घासतो. क्लोरीन नसलेल्या, तेवढ्याच उष्णतेच्या आणि आम्लतेच्या गोड पाण्यात मासा ५ मिनिटे ठेवला की कृमी पांढरे होऊन गळतात. मासा कोलमडला तर लगेच बाहेर काढावा. अंडी मात्र उरतात, म्हणून प्राझिक्वांटेलचा उपचार करून तो आठवड्याने पुन्हा करावा लागतो.

अ‍ॅप्टेशिया : खडकावर उगवणारे तपकिरी, फुलासारखे जीव. हे उपटू नयेत; तुटलेल्या तुकड्यातूनही नवे उगवते. पंप बंद करून शुद्ध चुन्याची दाट पेस्ट सिरिंजने तोंडावर सोडावी. एका वेळी दोन-चारच घ्यावेत, नाहीतर पाणी बिघडते. चुना डोळ्यांत जाऊ देऊ नये.

टाकी साफ करणाऱ्यांनी आणखी तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. हाताला जखम असेल तर रबरी हातमोजे घालावेत. या पाण्यातून कातडीचा चिवट आजार होतो. बटणासारखे प्रवाळ असलेला खडक उकळू नये वा गरम पाण्याने घासू नये. त्यातील काही जातींचे विष वाफेतून माणसाच्या जिवावर येऊ शकते. आणि एका घरची बादली-जाळी न धुता, न वाळवता दुसऱ्या घरी नेऊ नये.

सगळ्यांत स्वस्त औषध म्हणजे नवा मासा चार आठवडे वेगळ्या टबात ठेवून पाहणे. आमचा भाचा आता हे मालकांना आधीच सांगतो. नवा मासा कधी आणला, ठिपका कधी दिसला, कोणते औषध कोणाच्या सांगण्यावरून टाकले, हे तारखेनिशी वहीत लिहितो आणि मालकांची सही घेतो. अशी वही प्रत्येकाने ठेवावी. माशांचा जीव वाचेलच, आणि पुढचा पगारही कोणी विनाकारण कापणार नाही.