कार्य, ऊर्जा आणि शक्ती : डोंगराच्या पायऱ्यांपासून गावच्या टाकीपर्यंत

देहूरोडहून तळेगावकडे जाताना जुन्या मुंबई-पुणे महामार्गालगत घोरावडेश्वराचा डोंगर लागतो. तेथील कोरीव लेण्यांकडे पायऱ्यांनी जाता येते. माध्यमिक शाळेतील शिक्षकास कार्य, ऊर्जा व शक्ती या संकल्पना समजावून देण्यासाठी याहून सोयीची प्रयोगशाळा मिळणे कठीण.

समजा, 45 किलोग्रॅम वस्तुमानाचा विद्यार्थी पायऱ्या चढून 60 मीटर उंची गाठतो. वस्तुमान, गुरुत्वत्वरण (9.8) व उंची यांचा गुणाकार केला असता त्याने गुरुत्वाकर्षणाविरुद्ध केलेले कार्य 26,460 जूल येते. तो धावत गेला काय किंवा बसत-उठत गेला काय, हा आकडा तोच राहतो. बदलते ती शक्ती, कारण शक्ती म्हणजे कार्य करण्याचा दर होय. दहा मिनिटांत चढणाऱ्याची सरासरी शक्ती सुमारे 44 वॅट, तर पाच मिनिटांत चढणाऱ्याची 88 वॅट भरते. ऊर्जा म्हणजे कार्य करण्याची क्षमता. केलेले कार्य उंचीवरील विद्यार्थ्यापाशी स्थितिज ऊर्जेच्या रूपाने साठलेले असते. शरीराने खर्च केलेली ऊर्जा मात्र याच्या कितीतरी पट असते व तिचा मोठा भाग उष्णतेच्या रूपाने निघून जातो, याची साक्ष घामच देतो.

नित्याच्या बोलण्यात आपण बल, ऊर्जा आणि शक्ती या तिन्हींना ‘शक्ती’च म्हणतो. वर्गात हे चालते. विजेच्या बिलात चालत नाही. विजेचे एक ‘युनिट’ हे ऊर्जेचे माप असून ते 36 लक्ष जूल इतके असते. म्हणजे वरील विद्यार्थ्यासारखे 136 विद्यार्थी डोंगर चढले की एका युनिटाइतके कार्य होते! मुलांना हा हिशेब स्वतः करू द्यावा.

हीच क्रिया उलट दिशेने पाहावयाची तर घाटाखाली खोपोलीस जावे. लोणावळा परिसरातील तलावांचे पाणी नळांतून खाली आणून 1915 पासून तेथे वीज निर्माण केली जाते. एक हजार लिटर पाणी 500 मीटर खाली आल्यास 49 लक्ष जूल, म्हणजे सुमारे 1.36 युनिट ऊर्जा मोकळी होते. यंत्रांतील घट वजा जाता उरते ती वीज.

उताराच्या पाण्याने दिलेली ऊर्जा चढाच्या पाण्याला परत द्यावी लागते. देहूरोडशेजारी रावेत येथे पवनेचे पाणी उचलून निगडीच्या शुद्धीकरण केंद्राकडे नेतात, तेथे हेच घडते. पंचायतीच्या सदस्यांनी आपल्या गावचा हिशेब असा मांडावा : 50,000 लिटर पाणी एकूण 30 मीटर चढवावयाचे आहे. त्यासाठी लागणारे कार्य सुमारे 4.1 युनिट. पंपसंच निम्मीच ऊर्जा पाण्यास देत असेल, तर मीटरवर सुमारे 8.2 युनिट पडतील. संच 4 किलोवॅट वीज घेत असल्यास टाकी दोन तासांत भरेल.

येथे हटकून सूचना येते, की दुप्पट अश्वशक्तीचा पंप घ्यावा म्हणजे वीज वाचेल. (एक अश्वशक्ती म्हणजे 746 वॅट.) टाकी लवकर भरेल हे खरे, परंतु पाणी तेवढेच व उंची तेवढीच असल्याने कार्यही तेवढेच राहील. उलट त्याच जुन्या नळातून पाणी वेगाने गेल्याने घर्षण वाढून काही युनिटे अधिकच जातील. वीज वाचवावयाची तर पंपाची कार्यक्षमता आणि नळाचा व्यास पाहिला पाहिजे.

मीटर नसलेल्या कृषिपंपांची आकारणी आपल्याकडे अश्वशक्तीवर होत आली आहे. ही आकारणी शक्तीची, ऊर्जेची नव्हे. पंप दोन तास चालो वा आठ तास, आकडा तोच.