हलक्या गाडीची चाके

1996 साली रॉन चॅम्पियन यांचे पुस्तक आले. 250 पाउंडांत स्पोर्ट्स कार घरी कशी बांधावी, हे त्यात होते. ब्रिटनमधल्या कितीतरी गॅरेजांत मग वेल्डिंगच्या ठिणग्या उडू लागल्या. नमुना कॉलिन चॅपमनच्या 1957 च्या लोटस सेव्हनचा, इंजिन आणि मागचा ॲक्सल जुन्या फोर्ड एस्कॉर्टचा. अशी ‘लोकॉस्ट’ रस्त्यावर आली की मालकाला नवी चाके आणि कडक स्प्रिंगा खुणावू लागतात. पण ही गाडी जेमतेम 550-600 किलोची. जड मोटारीला मानवणारे सामान हिला जाचते.

रिम घेताना आधी नटांच्या वर्तुळाचा व्यास पाहावा. एस्कॉर्टच्या हबवर चार नट 108 मिमीच्या वर्तुळात बसतात, सुरुवातीच्या माझदा एमएक्स-5 च्या हबवर 100 मिमीच्या. हा फरक नजरेला कळत नाही, म्हणूनच जपायचे. मग ऑफसेट, म्हणजे रिमच्या मध्यरेषेपासून हबला टेकणाऱ्या पृष्ठभागाचे मिमीतले अंतर: तो 35 वरून 20 वर आला की चाक 15 मिमी बाहेर सरकते, बेअरिंगवर ताण वाढतो आणि टायर मडगार्डबाहेर डोकावतो.

टायरची उंची कागदावर काढता येते. 185/60 आर 13 म्हणजे रुंदी 185 मिमी, बाजूची उंची तिच्या 60 टक्के आणि रिम 13 इंची; त्याचा व्यास 552 मिमी. 15 इंची रिमवर 195/50 घातला तर तो 576 होतो; स्पीडोमीटर 60 दाखवतो तेव्हा गाडी 62 च्या वर असते. 195/45 घेतला तर 556, म्हणजे जवळपास मूळचाच. माझे मत विचाराल तर 13 इंचीच ठेवावे. चाक हलके असले की खड्ड्यातून वर उडून पटकन पुन्हा रस्त्याला टेकते.

स्प्रिंगचे गणित मात्र सावकाश समजून घ्यावे. पुढची स्प्रिंग थेट चाकावर नसते, चाक धरणाऱ्या विशबोन या भुजेवर आतल्या बाजूला टेकते. चाक 10 मिमी उचलल्यावर स्प्रिंग किती दबते ते मोजा. समजा 7 मिमी. विशबोन तरफेसारखा असल्याने स्प्रिंग कमी दबते आणि तिचा जोरही चाकापर्यंत कमी पोचतो, म्हणून 0.7 ने दोनदा गुणायचे. इंचाला 200 पाउंडांची स्प्रिंग चाकाला 98 पाउंडांचीच लागते. त्या कोपऱ्यात स्प्रिंगवर 110 किलो भार असेल तर गाडी सेकंदाला सुमारे दोनदा हेलकावते. रस्त्यासाठी तेवढे पुरे. 400 ची स्प्रिंग घातली तर हेलकावे 2.8 होतात आणि खडबडीत वळणावर टायर जमीन सोडू लागतो. स्प्रिंग बदलली की शॉकॲब्सॉर्बरही तिच्या जोडीचा हवा.

जोडताना सगळ्यात जास्त चुकते ते विशबोनच्या सांध्यांतल्या रबरी बुशांपाशी. गाडी जॅकवर असताना त्यांचे बोल्ट आवळले, तर चाके टेकल्यावर रबर कायम पिळलेले राहते आणि लवकर फाटते. बोल्ट सैल ठेवून गाडी खाली उतरवावी, सीटवर चालकाच्या वजनाच्या वाळूच्या गोण्या ठेवाव्या, उंची जुळवावी आणि मगच आवळावे. कॅम्बर (चाकाचा उभा कल) आणि टो (चाकाचे तोंड आत किंवा बाहेर वळलेले असणे) त्याच भारासह मोजावे.

शेवटी स्प्रिंग काढून जॅकने चाक खालपासून वरपर्यंत उचलावे, स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवून. टायर कुठे घासतो का आणि स्टिअरिंग सरळ धरल्यावर चाक वर जाताना आपोआप वळते का, हे तेव्हाच दिसते. वळत असेल तर स्टिअरिंग रॅकची उंची बदलायची. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर चाकांचे नट पुन्हा टॉर्क पान्याने तपासावे.